डिझेल गाडीचा रीमॅप: टॉर्क कुठून येतो आणि ॲव्हरेज खरंच वाढतं का

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवणं, करायला निघालेला माणूस ट्यूनरला दोन प्रश्न एका दमात विचारतो. पिकअप किती वाढेल, आणि ॲव्हरेज किती वाढेल? पहिल्याचं उत्तर डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून दाखवता येतं. दुसऱ्याला मात्र "दोन-तीन तरी वाढेलच, दादा" असं उत्तर मिळतं, आणि नंतर गाडीचा एमआयडीही (डॅशबोर्डवरचा माहितीचा पडदा) तेच दाखवायला लागतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी डिझेल इंजिन ताकद कशी काढतं हे समजून घ्यायला हवं. ते एकदा कळलं की ट्यूनरला कोणते प्रश्न विचारायचे हेही आपोआप कळतं.

पेट्रोल गाडीत पेडल दाबलं की हवेची वाट मोकळी होते. डिझेलमध्ये ताकद ठरते ती फवारलेल्या डिझेलवर. प्रत्येक स्ट्रोकला किती मिलिग्रॅम डिझेल जाणार, एवढाच मुख्य प्रश्न असतो. पेडल दाबल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एकामागून एक तक्ते बघतो. या पेडलला, या आरपीएमला ड्रायव्हरला किती टॉर्क हवा आहे? त्या गिअरला तेवढ्या टॉर्कची परवानगी आहे का? त्यासाठी किती डिझेल लागेल? आत आलेल्या हवेत तेवढं डिझेल धूर न करता जळेल का? मग ते डिझेल कोणत्या दाबाने, किती अंश आधी आणि किती मायक्रोसेकंद फवारायचं? आणि टर्बोकडून किती बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, मागायचा? या तक्त्यांनाच मॅप म्हणतात, आणि रीमॅप म्हणजे त्यातले आकडे बदलणं. साखळीतला एकच तक्ता वर ओढून बाकीचे तसेच ठेवले तर गाडी एक तर काही फरक दाखवत नाही किंवा धूर ओकते.

पुण्याच्या रस्त्यांवर १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाच्या जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत, म्हणून हिशेबाला तेच इंजिन घेऊ. स्विफ्ट डीडीआयएस: ७५ पीएस, आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर. एवढ्या टॉर्कला प्रत्येक सिलिंडरमध्ये दर स्ट्रोकला साधारण ३६ मिलिग्रॅम डिझेल लागतं. डिझेल पूर्ण जळायला वजनाने साडेचौदा पट हवा लागते, पण फवारा हवेत सगळीकडे सारखा मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात १७-१८ पटीच्या खाली गेलं की काळा धूर दिसायला लागतो. १८ पट धरली तर ३६ मिलिग्रॅमला ६५० मिलिग्रॅम हवा हवी. आता ट्यूनर म्हणाला की टॉर्क २२५ वर नेतो. म्हणजे डिझेल ४२-४३ मिलिग्रॅम आणि हवा ७६० मिलिग्रॅमच्या पुढे. ही ११० मिलिग्रॅम जादा हवा टर्बोने आणून द्यायची आहे. तो देऊ शकला तर रीमॅप स्वच्छ. नाही देऊ शकला तर ट्यूनरपुढे दोनच वाटा उरतात: टॉर्क कमी ठेवायचा, किंवा स्मोक लिमिटर नावाचा तक्ता सैल करून धूर सोडायचा. दुसरी वाट सोपी आहे आणि गिऱ्हाइकाला ती पिकअपसारखीच जाणवते, म्हणूनच इतक्या गाड्या मागे काळा ढग सोडत जाताना दिसतात.

इथे हार्डवेअरचा मुद्दा येतो. याच १.३ इंजिनाची ९० पीएसची आवृत्ती व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो घेऊन आली. तिच्यात टर्बाइनभोवतीच्या पाती हलतात, त्यामुळे खालच्या आरपीएमला बूस्ट लवकर मिळतो आणि वरच्या आरपीएमलाही दम राहतो. ७५ पीएसच्या गाडीत साधा, ठरावीक भूमितीचा टर्बो आहे. लॅपटॉप लावून त्याच्या पाती हलत्या होत नाहीत. म्हणून "७५ ची ९५ करून देतो" असं कोणी म्हणालं तर जादा हवा कुठून आणणार, हे आधी विचारावं.

पीएसच्या आकड्याचा हिशेबही घरबसल्या करता येतो. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ७०२२. १९० न्यूटन मीटर २००० आरपीएमला म्हणजे ५४ पीएस. २२५ झाले तर ६४. घाटात चौथ्या गिअरमध्ये जाणवतो तो हा १० पीएसचा फरक. जाहिरातीतला कमाल पीएस ४००० आरपीएमच्या आसपासचा असतो, आणि तिथे तुम्ही आठवड्यातून किती वेळा जाता हे तुम्हालाच माहीत. टाटा हॅरिअरचं उदाहरण बघा. २०१९ ची १४० पीएसची, २०२० ची १७० पीएसची, पण दोन्हींचा कमाल टॉर्क ३५० न्यूटन मीटरच. ३५० न्यूटन मीटरला २५०० आरपीएमवर १२५ पीएस होतात. म्हणजे ३० पीएसचा तो सगळा फरक त्याच्या वर, ३७५० च्या आसपास आहे. शहरात कमी आरपीएमवर गाडी हाकणाऱ्याला तो कधी भेटणारच नाही. रीमॅपचा डायनो ग्राफ हातात आला की सगळ्यात आधी १५०० ते २५०० मधली रेघ बघा. शिखर नंतर.

आणखी एक गोष्ट. स्वस्त रीमॅपमध्ये बहुतेक वेळा पेडलचा तक्ता तीव्र केलेला असतो. पूर्वी ५० टक्के पेडलला जेवढा टॉर्क मिळायचा तेवढा ३० टक्क्यांना मिळतो. टेस्ट ड्राइव्हला गाडी उडी मारते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण पेडल पूर्ण दाबून बघितलं तर ताकद होती तेवढीच. हिंजवडीच्या कोंडीत अशी गाडी चालवणं म्हणजे दिवसभर धक्के खाणं.

पुण्याची हवा आणि उंची

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ टक्क्यांनी कमी. पसरणी घाट चढून महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर गेलात तर १५ टक्क्यांनी कमी. टर्बो ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. समजा मॅपमध्ये निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण, २.४ बार मागितले आहेत. पुण्यात टर्बोला बाहेरची हवा २.५ पट दाबावी लागते, महाबळेश्वरला २.८ पट. कारखान्याच्या मॅपमध्ये हवेचा दाब मोजून उंचीनुसार बूस्ट उतरवणारा वेगळा तक्ता असतो. तो सपाट करून टाकणारे ट्यूनर आहेत, कारण त्यामुळे "घाटात पण फुल्ल ओढते" असं सांगता येतं. टर्बोचा शाफ्ट त्याच घाटात मरतो. तयार फाइल बाहेरून मागवून टाकणाऱ्याला हा तक्ता हात न लावता ठेवला आहे का, हे विचाराच.

उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंश आणि ट्रॅफिकमध्ये तापलेला इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर. आत जाणारी हवा ५० ऐवजी ६० अंशांची झाली तर तिची घनता ३ टक्क्यांनी उतरते. जानेवारीत पहाटे काढलेला डायनोचा आकडा मे महिन्यात येणार नाही आणि यायलाही नको. चांगल्या मॅपमध्ये हवा तापली की डिझेलही कमी होतं. ते कमी केलं नाही तर एक्झॉस्टचं तापमान वाढतं. टर्बाइनच्या आधी ८०० अंशांच्या आसपास ते सतत राहिलं तर टर्बो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनचं डोकं यांचं नुकसान सुरू होतं. लांब चढावर पेडल पूर्ण दाबून ओढताना हे होतं. सिग्नलवरच्या दोन सेकंदांच्या पिकअपमध्ये होत नाही, आणि म्हणूनच ते टेस्ट ड्राइव्हला कधीच कळत नाही.

ॲव्हरेजचा खरा हिशेब

ताशी ८० ने सपाट रस्त्यावर हॅचबॅक लिटरला २० देत असेल, तर तासाला ४ लिटर डिझेल जळतं आणि इंजिन जेमतेम १६ पीएस काढत असतं. गाडी ७५ पीएसची असो की रीमॅप करून ९० ची, त्या वेगाला लागणार १६ च. रीमॅप मुख्यतः वरच्या टोकाचे तक्ते बदलतो आणि क्रूझिंगमध्ये आपण त्या टोकाला नसतोच. आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयमध्ये ज्या चक्रावर गाड्यांचं प्रमाणित मायलेज काढत आले, त्यात कमाल वेग ताशी ९० आणि वेग वाढवणंही सौम्य. त्या चक्रावर स्टेज १ रीमॅपचा, म्हणजे पार्ट न बदलता नुसत्या सॉफ्टवेअरने केलेल्या रीमॅपचा, फरक नगण्यच यावा.

मग फायदा येतो कुठून? एक, गिअरमधून. कात्रजच्या जुन्या घाटात किंवा ताम्हिणीत जिथे तिसरा टाकावा लागायचा तिथे चौथा ओढतो. इंजिन कमी आरपीएमवर जास्त भाराने चालतं तेव्हा त्याची कार्यक्षमता चांगली असते, आतलं घर्षणही कमी. पण हा फायदा घ्यायला ड्रायव्हरने वरचा गिअर लवकर टाकायला हवा. दोन, टायमिंगमधून. कारखाना नायट्रोजन ऑक्साइड कमी ठेवण्यासाठी फवारा थोडा उशिरा सोडतो आणि ईजीआरमधून जळका वायू परत आत घेतो. टायमिंग एक-दोन अंशांनी पुढे घेतलं तर डिझेल थोडं वाचतं, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. बीएस४ डिझेल कारला त्याची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस६ ला ०.०८. पीयूसीला हा वायू मोजतच नाहीत, म्हणून ही किंमत कुणाच्या पावतीवर येत नाही. ती शहराच्या हवेत जाते, आणि मला ती लहान वाटत नाही.

दोन्ही धरून, पाय हलका ठेवणाऱ्याला तीन ते पाच टक्के मिळाले तर रीमॅप चांगला झाला असं मी समजेन. पाय जड असेल तर ॲव्हरेज उतरणारच, कारण जादा टॉर्क म्हणजे जादा डिझेल, हे वरच्या हिशेबात आलंच आहे. आता पैशांत बघू. वर्षाला १५,००० किलोमीटर, लिटरला १८ म्हणजे ८३३ लिटर. पाच टक्के वाढ धरली तर ४० लिटर वाचतात. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला ३,६००. रीमॅपला २५,००० गेले असतील तर नुसत्या डिझेलवर ते फिटायला सात वर्षं लागतात. पिकअपसाठी रीमॅप करा, बचतीसाठी करू नका.

आणि एमआयडीचा आकडा? एमआयडी टाकीतलं डिझेल मोजत नाही. ईसीयूने "इतके मिलिग्रॅम फवारले" असं जे मानलं त्याची बेरीज तो दाखवतो. काही ट्यूनर मिलिग्रॅमचे तक्ते नीट न बदलता शेवटचा तक्ता, म्हणजे अमुक मिलिग्रॅमला इंजेक्टर किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा तो, लांबवतात. ईसीयू ३६ मोजतो आणि प्रत्यक्षात ४० जातात. टॉर्क वाढतो, स्मोक लिमिटरलाही पत्ता लागत नाही, आणि एमआयडीवर ॲव्हरेज वाढलेलं दिसतं. रेल, म्हणजे इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणारी नळी. तिच्या प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसवायच्या स्वस्त ट्यूनिंग बॉक्सचंही हेच. तो दाब कमी असल्याचं खोटं सांगतो, पंप खरा दाब वाढवतो, आणि एमआयडी जुन्याच हिशेबाने चालतो.

म्हणून मोजायचं तर टाकी ते टाकी. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, वरून दाबून भरायचं नाही. टायरमधली हवा दर वेळी थंड टायरला तपासायची. एका ४० लिटरच्या टाकीत एक लिटरची चूक म्हणजे अडीच टक्के, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा आहे. रीमॅपच्या आधी तीन टाक्या आणि नंतर तीन टाक्या मोजल्या तर तीच चूक एक टक्क्याच्या आत येते. एसीचा मोसम बदलत असेल तर तुलना पुढे ढकला.

आधी गाडी तपासा

लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीवर थेट रीमॅप टाकणं चूक आहे. ती गाडी मुळात तिच्या स्टॉक ताकदीलाच नसते. इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी करा: चारही रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून काही मिनिटं इंजिन चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. जादा दाबावर तो आणखी गळेल आणि पी००८७ हा फॉल्ट कोड येईल, म्हणजे रेलमध्ये दाब पुरत नाही. इंटरकूलरच्या होजवर तेलकट ओल दिसली तर क्लॅम्प आणि चिरा बघा. रीमॅपनंतर हीच जागा सुटते, गाडी लिम्प मोडमध्ये जाते (ईसीयू ताकद मुद्दाम कापतो) आणि पी०२९९ येतो, म्हणजे बूस्ट पुरत नाही. व्हेरिएबल टर्बोच्या पाती काजळीने अडकल्या असतील तर उलटं होतं, बूस्ट मर्यादेबाहेर जातो आणि पी०२३४ येतो. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे असावेत.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. १९० चे २२५ म्हणजे क्लचवर १८ टक्के जादा ओढ, आणि हाफ क्लचवर घासलेली शहरातली प्लेट ती सहन करेलच असं नाही. नव्या क्लचचा खर्च रीमॅपच्या बजेटमध्ये धरून चला. ड्युअल मास फ्लायव्हील (हादरे शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील) असेल तर हा खर्च बराच वाढतो. १५०० च्या खाली टॉर्क वाढवू देऊ नका. खालच्या आरपीएमचे ते हादरे फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स दोघांनाही खातात. ऑटोमॅटिकमध्ये तर गिअरबॉक्सची मर्यादा आधी बघायची. चाकणला बनलेल्या व्हेंटो डिझेलच्या सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे डीक्यू२०० ची, क्षमता २५० न्यूटन मीटर आहे, आणि त्या इंजिनाचा स्टॉक टॉर्कच २५० आहे. तिथे वाढवायला जागाच ठेवलेली नाही.

डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत जादा काजळी म्हणजे फिल्टर लवकर भरणार, रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) वारंवार होणार. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते अर्धवट राहतं आणि जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली आणि ऑइल पातळ वाटलं तर लगेच बदला. यावर "डीपीएफ काढून टाकू, ईजीआर बंद करू" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. उत्सर्जनाची यंत्रणा काढणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंडाला पात्र आहे, आणि ती काजळी आपल्याच शाळेच्या दारात पडते. पीयूसी पास झाली म्हणजे गाडी स्वच्छ, हेही खरं नाही. त्या चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये असते, भार नसतो, बूस्ट पुरता चढत नाही. भाराखाली धूर सोडणारी गाडीही ती पार करू शकते. मागच्या गाडीत कोणाला तरी बसवून चढावर तुमचा धूर बघायला सांगा.

फाइल टाकताना

मूळ फाइल वाचून तिची प्रत पेनड्राइव्हवर आपल्याकडे घ्या, सॉफ्टवेअर नंबरासकट. फ्लॅशिंग, म्हणजे ईसीयूत नवी फाइल लिहिणं, चालू असताना बॅटरीला चार्जर किंवा पॉवर सप्लाय लावलेला असलाच पाहिजे. इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरतो. कमजोर बॅटरीचा व्होल्टेज मध्येच कोसळला तर अर्धवट लिहिलेला ईसीयू मुका होतो. क्लोन, म्हणजे नकली, टूलने चेकसम (फाइल बरोबर आहे हे तपासणारा आकडा) चुकला तरी गाडी स्टार्ट होत नाही. नंतरच्या पिढीच्या काही ईसीयूंचं झाकण उघडून बूट मोडमध्ये लिहावं लागतं. तसं असेल तर परत सील कशाने करणार ते स्वतः बघा, कारण आपल्या पावसाळ्यात तिथून ओलावा शिरला की बोर्डच जातो.

डायनो आधी आणि नंतर, त्याच दिवशी, त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये. त्यासोबत लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदलेले ईसीयूचे आकडे, मागा: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेल दाब, हवेचे मिलिग्रॅम, आत जाणाऱ्या हवेचं तापमान. दोन रेघा एकमेकींना धरून चालत असतील तर मॅप आणि यंत्र जुळलं. मिळालेला बूस्ट वरच्या आरपीएमला मागणीच्या खाली घसरत जात असेल तर टर्बोचा दम संपला आहे, आणि तिथला टॉर्क उतरवून घ्यायला हवा. लॉग न देणाऱ्याकडून गाडी करून घेऊ नये, मग तो कितीही स्वस्तात देवो.

गाडी वॉरंटीत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो हे धरून चला. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. सर्व्हिसला देताना जॉब कार्डवर "ईसीयू अपडेट करू नये" असं लिहून घ्या, कारण अपडेट झालं की रीमॅप पुसला जातो. तसं झालंच तर जुनी रीमॅप फाइल वरून टाकू देऊ नका. ट्यूनरने नवं सॉफ्टवेअर वाचून त्यावर मॅप पुन्हा बसवायला हवा, आणि लॉगही नव्याने काढायला हवेत.